पाठीला पाठ: एका इंग्रजी शिबिराचं प्रकरण

पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता मुलं घरी निघाली तेव्हा त्यांचे चेहरे फुललेले होते. जाता जाता तीन-चार जणांनी विचारलं, "उद्या पण खजिना शोधायचाय ना?" आम्ही शिक्षक हॉलमधल्या खुर्च्या रचत होतो आणि मी मनातून खूश होते. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी त्यांची वही माझ्यापुढे ठेवली. खजिन्याच्या खेळात त्या एकाच गटामागून फिरत राहिल्या होत्या. ज्या मुलाच्या तोंडून इंग्रजी वाक्य येईल त्याच्या नावापुढे त्यांनी एक रेघ मारली होती. गटात सात मुलं होती. रेघा फक्त दोघांच्या नावापुढे होत्या, त्यातही बहुतेक एकाच मुलीच्या. उरलेल्या पाच नावांपुढची जागा कोरी होती.

"मुलं मस्त खेळली," बाई म्हणाल्या, "पण मराठीत खेळली."

त्या पाच कोऱ्या जागांमुळे आम्ही उरलेल्या चार दिवसांचा आराखडा एका संध्याकाळीत पालटला. काय पालटलं, कशामुळे, आणि त्यातलं काय फसलं, ते इथे लिहिते आहे. शाळेत इंग्रजीचं शिबिर घेणाऱ्या कुणालाही हीच अडचण कधी ना कधी येणार, असं मला वाटतं.

शिबिर कसं होतं

सहावी ते आठवीची ४२ मुलं. पाच दिवस, रोज सकाळी नऊ ते एक. शिक्षक चार, आणि मदतीला शाळेच्या दोन माजी विद्यार्थिनी. जागा म्हणजे एक हॉल, दोन वर्गखोल्या, लांबलचक व्हरांडा आणि मैदान. मुलांना इंग्रजी वाचता येत होतं आणि धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहिता येत होती. कुणी समोर उभं राहून साधा प्रश्न विचारला की मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. मुख्याध्यापकांच्या दोन अपेक्षा होत्या: मुलांची बोलण्याची भीती कमी व्हावी, आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर काहीतरी सादर व्हावं. या दोन अपेक्षा एकमेकींना किती आड येतात ते पुढे कळलं.

पहिल्या दिवसाचे खेळ मीच निवडले होते. गोल करून चेंडू टाकत नाव सांगणं, मूकाभिनय ओळखणं, शेवटच्या अक्षरावरून शब्दांची साखळी आणि खजिन्याचा शोध. सात-सात जणांचे सहा गट. एक नियमही होता: मराठी बोललं की गटाचा एक गुण वजा.

नेमकं कुठं चुकलं

त्या संध्याकाळी आम्ही एकेक खेळ घेऊन एकच प्रश्न विचारत गेलो: या खेळात इंग्रजी बोलल्यावाचून कुणाचं काय अडतं?

मूकाभिनयात अभिनय करणाऱ्याला तर नियमानेच तोंड बंद ठेवायचं असतं. ओळखणारे सुटे शब्द ओरडतात आणि बरोबर शब्द सापडला की खेळ संपतो. शब्दसाखळीत वाक्यच नाही. वर सात जणांच्या गटात एक शब्द बोलायचा आणि सहा जणांची वाट बघायची. चेंडूच्या खेळात ४२ मुलांचं एकच मोठं वर्तुळ होतं. हिशेब करून पाहा: अर्धा तास ४२ जणांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम ४३ सेकंद येतात. तोच अर्धा तास जोड्यांना दिला तर प्रत्येकाला बोलायला पंधरा मिनिटं मिळतात. हे साधं गणित मी आराखडा करताना मांडलं नव्हतं, याची मला आजही चुटपुट लागते.

खजिन्याचा शोध तर मला सगळ्यात भरीव वाटला होता, कारण चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. प्रत्यक्षात काय झालं? गटातली हुशार मुलगी चिठ्ठी वाचायची, "अरे, पाण्याच्या टाकीमागे!" असं मराठीत सांगायची आणि सातही जण पळायचे. इंग्रजीचं काम एकटीने केलं, पळण्याचं काम सगळ्यांनी. यात मुलांचा काही दोष नव्हता. खेळाची रचनाच अशी होती की एकाला कळलं की सगळ्यांचं भागत होतं.

गट वाढला की माणूस अंग राखतो, हे जुनंच निरीक्षण आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना एकेकटं आणि गटाने दोरी ओढायला लावली होती. गट जितका मोठा, तितका माणशी जोर कमी पडत गेला. १९१३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. दोरी ओढताना निदान प्रत्येकाचा हात दोरीला असतो. आमच्या खेळात पाच जणांच्या हाती दोरीच दिलेली नव्हती.

दंडाच्या गुणाने तर उलटाच परिणाम केला. मुलं इंग्रजीकडे वळली नाहीत, ती गप्प झाली किंवा कानात कुजबुजायला लागली. ज्याला वाक्य येत नाही त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: मराठी बोलून गटाचं नुकसान करायचं, नाहीतर काही बोलायचंच नाही. सहावीतला एक मुलगा दिवसभर एक अक्षर बोलला नाही. आपल्यामुळे मित्रांचे गुण जाऊ नयेत म्हणून तो गप्प राहिला, हे त्याने दुसऱ्या दिवशी आमच्या मदतनीस ताईला सांगितलं. तो नियम मीच केला होता. पहिल्या दिवसाच्या त्या संध्याकाळीच मी तो काढून टाकला.

एका संध्याकाळीत बदललेला आराखडा

भाषा शिकवणाऱ्यांना 'माहितीची दरी' ही कल्पना ओळखीची असते. माझ्याकडे आहे ते तुला माहीत नाही, तुझ्याकडचं मला माहीत नाही, आणि दोन्ही एकत्र आल्याशिवाय काम होणार नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला, त्यात कामांचे तीन प्रकार मांडले होते: माहितीची दरी, तर्काची दरी (हाती असलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढायचा) आणि मताची दरी (स्वतःचं मत मांडायचं). प्रभूंच्या वर्गात गटकामावर भर नव्हता, त्यामुळे आमचं शिबिर त्यांच्या वाटेनं गेलं असं मी म्हणणार नाही. पण खेळ निवडताना ही तीन नावं चाळणीसारखी उपयोगी पडली. ज्या खेळात यातली एकही दरी सापडेना तो बाजूला ठेवला, कितीही गंमतीचा असला तरी.

मग गट लहान केले. बहुतेक खेळ जोडीचे, काही चौघांचे. चौघांचे नऊ गट आणि तिघांचे दोन, असे ४२ बसत होते. तिघांच्या गटांत दोन्ही ताई चौथ्या म्हणून बसल्या.

दंडाच्या जागी तीन वाक्यं आली. मोठ्या अक्षरांत लिहून ती हॉलच्या चारही भिंतींवर लावली: 'से इट अगेन, प्लीज', 'हाऊ डू यू से अमुक इन इंग्लिश?' आणि 'वेट, आय ॲम थिंकिंग'. दुसऱ्या वाक्यातल्या अमुकच्या जागी मराठी शब्द टाकायला पूर्ण मुभा होती. म्हणजे मराठीला दार उघडं, पण ते दार इंग्रजी वाक्यातून जाणारं. एका सरांना हे पटत नव्हतं. ढील दिली तर मुलं मराठीवरच राहतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांची काळजी अगदीच अनाठायी नव्हती. आम्ही एक दिवस करून पाहायचं ठरवलं.

तिसरं वाक्य माझ्या आग्रहाने आलं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. परक्या भाषेत तर मुलाला आधी मनात वाक्य जुळवायचं असतं. त्याला हक्काने वेळ मागता यायला हवा. मोठ्यांसाठीही नियम केला: मूल अडखळलं की मनात पाचपर्यंत मोजायचं, शब्द पुरवायला धावायचं नाही. पाच अंक किती लांब असतात ते असं गप्प उभं राहिल्यावर कळतं.

दुसरा दिवस: झाडाखाली कुत्रा

सकाळचा पहिला खेळ पाठीला पाठ लावून बसण्याचा. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. चित्र मुद्दाम साधं होतं: घर, झाड, कुत्रा, ढग, दोन मुलं, एक चेंडू. चित्रात दहा गोष्टी ठरवून ठेवलेल्या होत्या. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवून दहापैकी किती जुळल्या ते मोजायचं.

पहिली दोन मिनिटं "धिस साइड, धिस साइड" असा एकच गलका. हात वारा कापत होते, पण पाठीमागच्याला हात दिसणार कसे? मग एकेक जण हळूहळू लेफ्ट, राइट, अबोव्ह, नेक्स्ट टू या शब्दांकडे वळला. हे शब्द त्यांना चौथीपासून येत होते, वापरायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती.

एका जोडीतला मुलगा सांगत होता, "ट्री अंडर डॉग." त्याच्या मनात मराठी वाक्य सरळ होतं: झाडाखाली कुत्रा. मराठीत 'खाली' झाडाच्या मागे येतं, म्हणून त्याने इंग्रजीतही तिथेच ठेवलं. पाठीमागच्या मुलीने जे ऐकलं ते इमानदारीत काढलं: वर कुत्रा, त्याच्या पायाखाली छोटंसं झाड. कागद शेजारी ठेवले तेव्हा दोघंही बघतच राहिले. मुलगा म्हणाला, "अगं, मी असं नाही सांगितलं!" मुलगी म्हणाली, "असंच सांगितलंस!" मी जवळच उभी होते, पण मध्ये पडले नाही. अर्ध्या मिनिटात त्याचं त्यालाच उमगलं, आणि पुढच्या चित्रात तो प्रत्येक वाक्याआधी थांबून मग म्हणत होता, "डॉग अंडर ट्री." 'द' अजून आला नव्हता, पण शब्द आपापल्या जागी बसले होते. शब्दयोगी अव्यय आणि इंग्रजी प्रिपोझिशन यांतला हा फरक मी फळ्यावर अनेकदा समजावला आहे. त्या कुत्र्याच्या पायाखालच्या झाडाने तो माझ्यापेक्षा चांगला समजावला.

हाच खेळ जोडीदार आणि चित्र बदलून तीनदा घेतला. पुन्हा तेच केलं तर मुलं कंटाळतील अशी मला भीती होती. तसं झालं नाही, कारण स्पर्धा आता दुसऱ्या गटाशी नव्हती, आपल्याच मागच्या आकड्याशी होती. पहिल्यांदा दहापैकी चार जुळलेल्या मुलांना सात करायचे होते. पहिल्या दिवशी हरलेले गट फुरंगटून बसले होते. आज हरायला कुणी समोर नव्हतं.

एक गोष्ट मी आता कायम करते आणि सगळ्यांना सांगते: चित्र, कार्ड, माहिती जे काही असेल ते आधी कच्च्या मुलाच्या हाती द्यायचं. आपली सवय उलटी असते, हुशार मूल सांगेल आणि बाकीचे करतील. कच्च्याकडे माहिती असली की हुशार मुलाला त्याचं ऐकून घ्यावंच लागतं, पुन्हा विचारावं लागतं, सोपं बोलावं लागतं. त्या दिवशी आठवीतली दोन पटाईत मुलं सहावीतल्यांसमोर वाकून "से इट अगेन, प्लीज" म्हणत होती.

दुसरा खेळ धावत्या श्रुतलेखनाचा. व्हरांड्याच्या टोकाला भिंतीवर सहा वाक्यांचा मजकूर लावलेला. एकाने जायचं, वाचायचं, लक्षात ठेवायचं, परत येऊन सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. निम्म्यावर भूमिका बदलायच्या. हा खेळ चांगलाच आहे, पण आमची जागेची आखणी चुकली. एकवीस जण एकदम अरुंद व्हरांड्यात धावले आणि दोघं एकमेकांवर आपटले. सुदैवाने गुडघ्यावर निभावलं. लगेच खेळ थांबवला, मजकुराच्या चार प्रती चार ठिकाणी लावल्या आणि धावायचं नाही, भराभर चालायचं, असं ठरवलं. मजकूर फार जवळ असला तर मुलं लांबूनच ओरडून सांगतात आणि फार लांब असला तर विसरतात. दहा-बारा पावलांचं अंतर आम्हाला बरोबर वाटलं. काही जण एकेक अक्षर सांगून शब्द पोचवायला लागले, म्हणून स्पेलिंग फक्त माणसांच्या आणि गावांच्या नावांपुरतंच सांगायचं अशी अट घातली.

तिसरा खेळ होता प्रश्नपत्रिका घेऊन हॉलभर फिरत 'पोहता येणारा शोधा', 'पावसाची भीती वाटणारा शोधा' असा. यात मुलांनी पळवाट काढली: कागद समोरच्यापुढे धरायचा, बोट ठेवायचं, मान हलली की सही घ्यायची. दहा मिनिटांत सगळे कागद भरले आणि हॉल जवळजवळ शांत. नंतर कागद टेबलावरच ठेवायचा असा नियम करून पुन्हा घेतला. प्रश्न डोक्यात न्यायचा, उत्तर आणि त्या माणसाचं नाव डोक्यात आणायचं. तेव्हा कुठे "यू स्विम?", "यू लाइक रेन?" असे प्रश्न ऐकू येऊ लागले. 'डू' आणि 'कॅन' गाळलेले होते. ते आम्ही त्या वेळी दुरुस्त केले नाहीत. प्रत्येक मोठ्याजवळ चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. ऐकलेली चूक चिठ्ठीवर लिहायची, मुलाचं नाव लिहायचं नाही, आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यातली पाचच वाक्यं फळ्यावर घेऊन मुलांकडूनच नीट करून घ्यायची. "यू लाइक रेन?" पुढे 'डू' लावायला ४२ पैकी निम्मे हात वर आले. येत होतं, बोलण्याच्या घाईत सुटत होतं.

तिसरा दिवस: घंटा कुणी नेली

या शिबिरात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या खेळाने. खेळातली गोष्ट अशी: काल संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान शाळेची घंटा चोरीला गेली. संशयित दोघं. ते म्हणतात, आम्ही त्या वेळी एकत्र होतो. दहा मिनिटांत त्यांनी एकमेकांत ठरवायचं की कुठे होतो, काय केलं, कुणी काय घातलं होतं, घरी कसे गेलो. मग दोन तपासनीस त्यांना वेगवेगळ्या कोपऱ्यात नेऊन एकाच वेळी जाब विचारतात. पाच मिनिटांनी संशयितांची अदलाबदल. शेवटी तपासनीस आपापल्या नोंदी जुळवतात. दोन जबान्यांत तीन फरक सापडले तर चोर सापडला.

हा खेळ साधारणपणे अख्ख्या वर्गासमोर घेतात: दोन संशयित आणि प्रश्न विचारायला सगळा वर्ग. मीही आधी तसाच लिहून ठेवला होता. चौघांत आणल्यावर प्रत्येक क्षणी अकराही गटांत दोन-दोन जबान्या चालू होत्या. गोंगाट भरपूर झाला, म्हणून तीन गट मैदानात आणि दोन व्हरांड्यात पाठवले.

गोष्ट ठरवण्याची दहा मिनिटं कोणत्या भाषेत, यावर आदल्या संध्याकाळी आमच्यात बराच वाद झाला. मी मराठीच्या बाजूने होते. मुलांच्या कल्पनेला तिथे पाय फुटायला हवेत. जबाब इंग्रजीतच द्यायचा आहे, त्यामुळे मराठीत जे ठरेल त्याचं इंग्रजी त्यांना शोधावंच लागेल. तसंच झालं. "हाऊ डू यू से पागोळ्या इन इंग्लिश?" असं एका मुलीने मला विचारलं तेव्हा मलाही भिंतीवरचं तिसरं वाक्य वापरावं लागलं.

आता त्या गप्प मुलाबद्दल. तो संशयित झाला होता. त्याचा जोडीदार आठवीतला, बोलका आणि गोष्ट रंगवणारा. तपास करणाऱ्या मुलीने विचारलं, "व्हेअर वेअर यू ॲट सिक्स?" तो म्हणाला, "होम." "हूज होम?" बराच वेळ शांतता. ताई शेजारी होती, ती मोजत राहिली. मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "वेट. आय थिंकिंग." आणि थोड्या वेळाने, "हिज होम." मुलीने विचारलं, "व्हॉट कलर वॉज युवर अम्ब्रेला?" तेव्हा तो झटकन म्हणाला, "नो अम्ब्रेला. रेन नॉट." पलीकडच्या कोपऱ्यात त्याच्या जोडीदाराने पावसात भिजण्याचं मोठं रसभरीत वर्णन केलं होतं. तिथेच दोघं पकडले गेले. गटाने टाळ्या वाजवल्या, आणि तो मुलगा जोडीदाराशी हिरिरीने भांडायला लागला की आपलं पावसाचं ठरलंच नव्हतं.

त्याच्या तोंडी आलेली वाक्यं मोडकी होती. पण ती त्याची होती, आणि समोरची मुलगी त्यांच्यावर कान लावून बसली होती. त्याच्या उत्तरातल्या एकेका शब्दाला तिथे वजन होतं. दोन दिवस आम्ही "बोल ना, घाबरू नकोस" म्हणत होतो. त्याला धीराच्या शब्दांची गरज नव्हती, ज्याचं उत्तर दुसऱ्या कुणाला हवं आहे अशा प्रश्नाची होती.

त्या दुपारी बाईंनी पुन्हा वही काढली. एका गटावरून मोठा निष्कर्ष काढू नये, आणि चौघांच्या गटाची सात जणांच्या गटाशी थेट तुलनाही करू नये, हे त्यांनीच आधी सांगितलं. पण चारही नावांपुढे रेघा होत्या. ज्या सरांचा मराठीच्या मोकळिकीला विरोध होता, त्यांनी ती वही दोनदा पाहिली आणि चौथ्या दिवसासाठी स्वतःहून दोन चित्रं काढून आणली.

चौथा दिवस: तुकड्यांचं कोडं

मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांत एक रीत बसवली. वेगवेगळ्या वंशाची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गांत ताण होता. त्यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या एकेका मुलाला एकेक तुकडा दिला. पूर्ण धडा हवा असेल तर प्रत्येकाचं ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. आमच्याकडे वंशाचा ताण नव्हता, पण 'याला काय विचारायचं, याला येत नाही' हा ताण होताच.

आम्ही एक कोडं बेतलं: पाच पाहुणे, तीन खोल्या, कोण कुठे झोपेल? प्रत्येक मुलाला दोन-दोन सूचना. आजींना जिना चढता येत नाही, बाळाला खोकला आहे, काका घोरतात, अशा. कार्ड दाखवायचं नाही, फक्त सांगायचं.

पहिल्या फेरीत चार गटांत जुनाच प्रकार झाला. एकाने सगळ्यांची कार्डं ओढून घेतली आणि एकट्याने उत्तर काढलं. दुसऱ्या फेरीत कार्ड दोन मिनिटं वाचायला देऊन परत घेतलं. आता माहिती फक्त डोक्यांत होती, आणि डोकं काही ओढून घेता येत नाही.

दोन गटांचं उत्तर तरीही चुकलं, आणि तो दोष माझा. एका कार्डावर मी 'अनलेस' लिहिलं होतं. तो शब्द कुणालाच नीट कळला नाही, आणि विचारायचं सोडून त्यांनी अंदाज बांधला. कार्डं आदल्या दिवशी एखाद्या मुलाकडून वाचून घेतली असती तर पाच मिनिटांत हे कळलं असतं.

या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या दिवशी जिच्या नावापुढे बहुतेक रेघा होत्या, ती मुलगी कंटाळली होती. इतरांचं अडखळणं ऐकत बसणं तिला जड जात होतं. गट बांधताना मी सतत कच्च्या मुलांचा विचार केला आणि तिला गृहीत धरलं. मधल्या सुट्टीत तिला विचारलं, नवं कोडं बनवशील का? तिने मान डोलावली आणि उरलेला वेळ वहीत खाडाखोड करत बसली. हे काही पुरेसं नव्हतं. तिच्यासारख्या दोन-तीन मुलांना एकमेकांबरोबर बसवून जड काम द्यायला हवं होतं, निदान दिवसातून एकदा.

पाचवा दिवस आणि सादरीकरणाचा पेच

मुख्याध्यापकांना नाटक हवं होतं. पालक येणार, काहीतरी दिसायला हवं. त्यांची बाजू मला कळत होती. पण पाठ केलेल्या नाटकात आठ जण बोलतात आणि उरलेले झाडं, ढग, गावकरी होतात. तालमीला रोजचा तासभर तरी जातो, आणि पाठ केलेलं वाक्य विसरलं की मुलाला वाटतं, आपल्याला इंग्रजी येत नाही. हे मी त्यांना बाईंची वही दाखवून सांगितलं. तडजोड अशी झाली: वीस मिनिटं मंचावर, चाळीस मिनिटं खेळ, आणि खेळायला पालकांनी बसायचं.

मंचावर घंटेच्या चोरीचा एक तपास झाला. संशयितांची गोष्ट ठरलेली होती, प्रश्न मात्र प्रेक्षकांतल्या मुलांनी तिथल्या तिथे विचारले. एक संशयित गोंधळून दीड मिनिट गप्प राहिला. पहिल्या रांगेतले दोन पालक अस्वस्थ झाले, पण मुलं शांतपणे वाट बघत होती.

खेळात बरेच पालक बसायला कचरत होते. "आम्हाला कुठे इंग्रजी येतंय," असं म्हणत काही दारापाशीच थांबले. हा विचार आम्ही आधी केला नव्हता. तो मुलांनी सोडवला. त्यांनी आईवडिलांच्या हाती पेन्सिल दिली आणि सांगण्याचं काम स्वतःकडे घेतलं. ऐकून काढायचंच तर होतं. ज्यांना शब्द कळत नव्हता ते भिंतीवर बघून "से इट अगेन" म्हणत होते, आणि मुलं तेच वाक्य आणखी सोपं करून पुन्हा सांगत होती. वेळ संपल्याचं सांगूनही दहा-बारा जोड्या उठल्या नाहीत.

पुढच्या शिबिराची तयारी आता सुरू आहे. पहिल्या दिवसाच्या यादीत चेंडूचा खेळ मी ठेवला आहे, पण पाचच मिनिटं आणि सहा वर्तुळांत. नावं तर कळायला हवीतच. खजिन्याचा शोधही आहे. मात्र चिठ्ठी आता चार तुकड्यांत फाडलेली असेल.

त्या मुलीने बनवलेलं कोडं माझ्या कपाटात आहे. सहा प्रवासी, एक होडी, दोन फेऱ्या. सोडवून पाहिलं तेव्हा त्याची दोन वेगवेगळी उत्तरं निघाली, आणि दोन्ही बरोबर. मी तिला विचारलं, एक सूचना वाढवून उत्तर एकच ठेवायचं का? ती म्हणाली, "नको बाई. दोन गट वेगळं उत्तर घेऊन येतील ना, तेव्हा त्यांना भांडावं लागेल. इंग्रजीत." कोडं तसंच ठेवलंय, तिसऱ्या दिवसासाठी.